शॉकअप आणि स्ट्रट गेलेत का, हे स्वतः कसं तपासायचं

गाडीतून खटखट आवाज आला की लगेच शॉकअपवर नाव येतं, पण शॉकअप खरंच संपतो तेव्हा बऱ्याचदा तो काही आवाज करत नाही, गुपचूप संपतो. आतलं तेल कमी होत जातं, पिस्टनचं सील झिजतं, व्हॉल्व्ह ढिले पडतात, आणि हे इतकं सावकाश होतं की रोज तीच गाडी चालवणाऱ्याला पत्ताच लागत नाही, आपण नकळत ब्रेक जरा आधी मारायला लागतो, वळणावर स्पीड जरा कमी ठेवायला लागतो आणि गाडी 'पहिल्यापासून अशीच आहे' असं वाटायला लागतं. म्हणून खाली आवाजाचा विषय मुद्दाम मागे ठेवलाय. शॉकअप त्याचं काम करतोय का हा एक प्रश्न, आणि आवाज कोण करतंय हा दुसरा. हे दोन एकत्र केले की चांगले शॉकअप बदलून होतात आणि आवाज तसाच राहतो.

आधी थोडक्यात, काम काय असतं ते. गाडीचं वजन स्प्रिंग उचलते, शॉकअप नाही. खड्ड्यात स्प्रिंग दाबली जाते, परत उसळते, आणि तिला अडवणारं कोणी नसेल तर गाडी बराच वेळ वरखाली होत राहील. शॉकअपच्या आत पिस्टन तेलातून फिरतो, तेलाला बारीक वाटांमधून आणि व्हॉल्व्हमधून जावं लागतं, त्या अडथळ्यात उसळीचा जोर खर्च होतो आणि त्याची उष्णता होते. ज्यांना गॅसवाले म्हणतात त्यांच्यात तेलासोबत दाबाखाली नायट्रोजन असतो, तो तेलाला फेस येऊ नये म्हणून, गाडी उचलायला नाही.

स्ट्रट म्हणजे आत तोच शॉकअप, पण तो सस्पेन्शनच्या, म्हणजे चाक गाडीला जोडणाऱ्या सांगाड्याचाच भाग असतो. त्याच्यावर स्प्रिंग बसते, खाली तो नकलला (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाला) बोल्ट केलेला असतो, वर बॉडीला जोडणारं माउंटिंग आणि बेअरिंग असतं आणि स्टिअरिंग फिरवलं की पुढचा अख्खा स्ट्रट फिरतो. ही रचना फोर्डमधल्या अर्ल मॅकफर्सन या इंजिनिअरची, १९५० च्या फोर्ड कॉन्सलमध्ये ती आली आणि आज बहुतेक छोट्या गाड्यांना पुढे हीच असते. याचा तपासणीशी संबंध असा की साधा शॉकअप गेला तर फक्त उसळी वाढते, पण स्ट्रट वाकला किंवा त्याचं माउंटिंग खचलं तर चाकाचा अँगल बिघडतो, टायर एका बाजूने खातो, स्टिअरिंगचं वागणं बदलतं. म्हणजे स्ट्रटमध्ये तपासायच्या गोष्टी जास्त.

आणखी एक गोष्ट डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे. शॉकअपला दोन कामं असतात. एक म्हणजे गाडीची बॉडी आवरणं, ती सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा डोलते. दुसरं म्हणजे चाक रस्त्याला चिकटवून ठेवणं, आणि चाक सेकंदाला दहा ते पंधरा वेळा थडथडू शकतं. शॉकअप पहिलं काम बऱ्यापैकी करत असेल आणि दुसरं करत नसेल असं अगदी होऊ शकतं.

चालवून बघणं

सगळ्यात आधी टायरची हवा कंपनीने सांगितलेल्या आकड्याला आणा आणि डिकीतलं ओझं काढा. हवा कमी असली की चांगली गाडीपण लोळते, जास्त असली की प्रत्येक बारीक खड्डा कमरेत लागतो, आणि दोन्ही वेळा शिव्या शॉकअपला बसतात.

मग मोकळा सरळ रस्ता, मागे कोणी नाही हे बघून, चाळीसच्या आसपास स्पीडवरून नीट जोरात ब्रेक. नाक खाली जाणारच, प्रत्येक गाडीचं जातं, त्यावरून काही ठरवू नका. बघायचं ते गाडी थांबल्यानंतर. नाक वर आलं आणि बसलं तर ठीक, वर आलं परत खाली गेलं परत वर आलं तर पुढचे शॉकअप संपत आलेत. तसंच सावकाश स्पीडब्रेकरवरून उतरल्यावर मागची बाजू किती वेळा हलते ते बघा, मागे कोणीतरी बसवा म्हणजे अजून नीट कळेल, कारण मागचा शॉकअप गेला की ड्रायव्हरच्या आधी मागे बसणाऱ्याचं पोट सांगतं.

हायवेवर लांब लाटा असलेल्या पट्ट्यात गाडी होडीसारखी डोलत राहते, आडवा वारा किंवा मोठा ट्रक बाजूने गेला की स्टिअरिंगने सारखं सावरत बसावं लागतं, लेन बदलली की बॉडी थोडी उशिरा मागून येते आणि मग अजून एकदा हलते, ही सगळी बॉडी न आवरल्याची लक्षणं. स्टिअरिंगने सावरावं लागणं हे एकटंच असेल तर मात्र अलाइनमेंट (चाकांचे अँगल), टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा चाकापाशी असलेला जोड), झिजलेले टायर हेपण संशयित आहेत.

दुसऱ्या कामाची लक्षणं वेगळी आणि माझ्या मते जास्त गंभीर. छोट्या छोट्या उंचवट्यांच्या रस्त्यावर वळण घेताना गाडीची मागची बाजू बाहेर सरकल्यासारखी वाटते, खडबडीत जागी ब्रेक मारला की एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी सिस्टीम) विनाकारण लवकर कडकडायला लागतं, स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर येते. याचा अर्थ चाक क्षणभर रस्ता सोडतंय, आणि रस्ता सोडलेलं चाक ना ब्रेक लावू शकतं ना वळू शकतं. इथे आरामाचा प्रश्नच नाही, थांबायचं अंतर वाढतं, तेपण नेमकं खराब रस्त्यावर आणि ओल्या रस्त्यावर.

हाताने दाबून बघण्याची टेस्ट

ही सगळ्यांना माहीत असते, आणि हिच्यावर गरजेपेक्षा जास्त भरवसा ठेवला जातो. गाडी सपाट जागी, चाकाच्या जवळचा कोपरा पकडायचा, मजबूत जागी हात ठेवायचा, नुसत्या पत्र्यावर जोर दिला तर पोचा पडेल. दोन तीन वेळा दाबून गाडीला लय आणायची आणि खाली असताना हात सोडायचा. गाडी वर आली, जरा खाली जाऊन बसली तर बरं आहे. सोडल्यावर दोन किंवा जास्त वेळा वरखाली झाली तर तो शॉकअप गेला, पुढे वाद नको.

पण उलटं खरं नाही, म्हणजे टेस्ट पास झाली म्हणून शॉकअप चांगला असं होत नाही. हाताने आपण फक्त बॉडीची सावकाश हालचाल तपासतो, चाकाची थडथड हाताने काढताच येत नाही. शिवाय आजकालच्या बऱ्याच गाड्यांच्या स्प्रिंग इतक्या कडक असतात की माणूस लटकला तरी गाडी दबत नाही, आणि जोडांमधल्या बुशचं रबरच अर्धी उसळी मारून टाकतं. एखादा शॉकअप आतून जाम झाला असेल तर तो या टेस्टमध्ये एकदम फर्स्ट क्लास वाटतो. त्यामुळे खरी किंमत तुलनेला आहे, डावा पुढचा आणि उजवा पुढचा, डावा मागचा आणि उजवा मागचा, एकसारखे वागतात का बघा. पुढच्याची मागच्याशी तुलना नको, तिथे वजन आणि स्प्रिंग दोन्ही वेगळ्या असतात.

खाली वाकून बघणं

जॅकवर नुसती उचललेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही, खाली स्टँड लावा आणि उरलेल्या चाकांना अडण लावा. बऱ्याच गाड्यांमध्ये पुढचं स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की चाकाच्या मागून टॉर्चने स्ट्रट दिसतो, उचलायचीपण गरज नाही.

पहिलं तेल. इथे लोक दोन्ही बाजूंनी फसतात. रॉड वरखाली होताना सीलमधून तेलाचा अगदी पातळ थर बाहेर येतोच, सील कोरडं पडू नये म्हणून तो लागतोच, त्यावर धूळ बसून शॉकअपच्या वरच्या भागात काळपट ओलसर पट्टा दिसतो, तो लीक नाही. लीक म्हणजे तेल चकाकतंय, ओघळ खालपर्यंत आलाय, स्प्रिंगच्या खालच्या ताटलीत किंवा खालच्या बोल्टपाशी चिकट चिखल झालाय. शंका असेल तर फडक्याने स्वच्छ पुसा, आठवडाभर नेहमीसारखी गाडी चालवा आणि परत बघा. पट्टा हळूहळू धुळकट झाला तर सोडून द्या, परत ओला ओघळ आला तर संपलं, बाहेर गेलेलं तेल परत भरायची सोय सीलबंद शॉकअपमध्ये नसते. आणि ते तेल शॉकअपचंच आहे ना हे आधी बघून घ्या, वरून इंजिन ऑइल येऊ शकतं, एक्सलचं रबर बूट फाटलं तर आसपास ग्रीस उडतं, आणि ब्रेकच्या होजमधून येत असेल तर शॉकअपचं राहू द्या, गाडी तिथेच उभी करा आणि ते आधी बघा.

आता दुसऱ्या बाजूची फसगत, कोरडा शॉकअप चांगलाच असतो असं समजणं. आतले व्हॉल्व्ह झिजले, तेल पातळ झालं किंवा गॅस गेला तर बाहेर थेंबभर दिसत नाही आणि तरी तो निकामी असतो. जुन्या गाडीत हे भरपूर बघायला मिळतं.

मग रॉड. धुळीचं रबर कव्हर फाटलं असेल तर रॉडवर वाळू बसते, रॉडला ओरखडे आणि गंजाचे ठिपके येतात, असा खरबरीत रॉड सील कापत जातो. लीक अजून सुरू झालं नसेल पण होणार हे नक्की समजा. रॉड वाकलेला किंवा नळीला पोचा असेल तर बदलणंच, गाडी मोठ्या खड्ड्यात किंवा डिव्हायडरला आपटली असेल तर हे मुद्दाम बघा. रॉडवरचा बंप स्टॉप म्हणजे तो फोमचा ठोकळा, त्याचा भुगा झालेला असेल तर सस्पेन्शन शेवटपर्यंत जाऊन आपटतंय, आणि मोठ्या खड्ड्यात जी थाड बसते ती तीच.

गाडी एका बाजूने खाली बसलेली दिसत असेल तर शॉकअपला दोष देऊ नका, ते स्प्रिंगचं काम. चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजा, म्हणजे टायरच्या हवेचा फरक मध्ये येत नाही. डाव्या उजव्यात सेंटीमीटर दीड सेंटीमीटरच्या वर फरक असेल तर स्प्रिंगचा सगळ्यात खालचा किंवा वरचा वेढा हाताने चाचपून बघा, तुकडा बहुतेक तिथेच पडतो आणि ताटलीत लपलेला असल्यामुळे दिसत नाही. एअर सस्पेन्शनवाल्या गाड्यांना हे लागू नाही, तिथे हवेची गळती शोधावी लागते.

टायर काय सांगतात

तळहात टायरच्या गोट्यांवरून (रस्त्याला टेकणाऱ्या रबराच्या ठोकळ्यांवरून) गोल दिशेने फिरवा, आधी एका बाजूला मग उलट. आत तारा आल्या असतील तर हात कापेल, म्हणून आधी नजर टाका. ठराविक अंतराने खोल उंच खोल उंच असं लागलं तर ते चाक उड्या मारत चाललंय. चाक हवेतून खाली येताना त्याच ठिकाणी आपटतं, रबर घासतं, मग त्या चट्ट्यामुळे अजून उड्या. चालताना याचा घूं घूं असा आवाज येतो आणि बरेच जण व्हील बेअरिंग गेलं म्हणून बेअरिंग बदलून बसतात. पण असे चट्टे नीट बॅलन्स नसलेल्या चाकालाही पडतात, तेव्हा एकट्या टायरवरून निकाल देऊ नका, बाकीच्या लक्षणांशी जुळतंय का बघा. फक्त आतली किंवा फक्त बाहेरची कड खाल्ली असेल तर ती बहुधा अँगलची भानगड, गोट्यांच्या एका बाजूला धार आली असेल तर टो, म्हणजे चाकं पुढून आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते, बघायला हवं. दोन्ही कडा सारख्या खाल्ल्या असतील तर हवा कमी ठेवली जात होती, एवढंच.

हात लावून उष्णता बघणं

ही टेस्ट फार कमी लोक करतात आणि मला ती हाताने दाबायच्या टेस्टपेक्षा जास्त आवडते. शॉकअप उसळीची उष्णता करतो हे वर आलंच, मग काम करणारा शॉकअप तापायला हवा. खराब रस्त्यावर पंधरा वीस मिनिटं गाडी चालवा, थांबा, आणि लगेच चारही शॉकअपच्या नळीला अलगद हात लावा. एकाच एक्सलवरचे दोन सारखे कोमट लागले पाहिजेत. एक कोमट आणि त्याचा जोडीदार गार असेल तर गार असलेला काहीच करत नाहीये, तेल आतून नुसतं इकडून तिकडे जातंय. सायलेन्सरचा पाईप आणि ब्रेक डिस्कपासून हात लांब ठेवा, आणि ज्या बाजूने सायलेन्सर जातो तिकडचा शॉकअप त्यामुळेही गरम लागू शकतो हे धरून चाला. इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर अजून छान, हात घालायलाच नको.

आता आवाज

शॉकअपशी खरंच संबंधित असलेले आवाज मोजकेच. शॉकअपच्या खालच्या डोळ्यातलं (बोल्ट जातो त्या कड्यातलं) बुश झिजलं तर खडबडीत रस्त्यावर सुकी टकटक येते, कोणालातरी गाडी दाबायला सांगून बुशवर बोट ठेवलं की ती बोटाला कळते. वरचा नट ढिला असेल तर छोट्या खड्ड्यातही ठक ठक. स्ट्रटच्या माउंटिंगचं बेअरिंग गेलं असेल तर गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवल्यावर स्प्रिंग आधी पिळली जाते आणि मग टण्ण करून सुटते, वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ यायला कंटाळा करतं. बॉनेट उघडून माउंटिंगच्या टोपीवर हात ठेवा आणि दुसऱ्याला स्टिअरिंग फिरवायला सांगा, झटका हाताला लागतो. हात स्प्रिंगच्या वेढ्यांमध्ये मात्र घालू नका.

बाकी खटखट बहुतेक वेळा स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडी कलू नये म्हणून डाव्या उजव्या बाजूंना जोडणाऱ्या बारच्या) लिंक रॉडची असते, मग चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मचं बुश, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड. लिंक रॉड ओळखायची सोपी पद्धत, दोन्ही चाकं एकाच वेळी चढतील अशा सरळ स्पीडब्रेकरवरून सावकाश जा, मग एकच चाक चढेल असं जा. दोन्ही चाकं सोबत चढतात तेव्हा स्टॅबिलायझर बार जवळपास मोकळा असतो, एकच चढलं की तो पिळला जातो आणि लिंकवर ताण येतो. एका चाकाला खटखट आणि दोन चाकांना शांत असेल तर आधी लिंक रॉड बघा, शॉकअपपेक्षा फार सुटसुटीत काम आहे ते.

एवढं करूनही पक्कं होत नसेल तर सस्पेन्शन टेस्टर असलेल्या ठिकाणी जा. त्यात चाक एका प्लेटवर ठेवतात, प्लेट सेकंदाला पंचवीसच्या आसपास वेळा हलवतात आणि मग वेग उतरू देतात, त्यात चाकाचा प्लेटवरचा दाब सगळ्यात कमी किती झाला ते उभ्या गाडीच्या दाबाच्या टक्क्यात येतं. म्हणजे हाताने न तपासता येणारं ते दुसरं काम इथे बरोबर दिसतं. साठच्या वर उत्तम, चाळीसच्या वर चालेल, वीसच्या खाली गेला तर गेलाच. हलक्या गाडीच्या मागच्या एक्सलला आकडा मुळातच कमी येतो, आणि टायरची हवा चुकीची असेल तर आकडा चुकतो, त्यामुळे इथेही डाव्या उजव्यातला फरक आधी वाचा.

इलेक्ट्रॉनिक शॉकअप असलेल्या गाडीत यातलं बरंच लागू आहे, पण आधी मीटरवर लाइट आलीये का आणि शॉकअपचं कनेक्टर नीट बसलंय का बघा, वायर तुटली की बऱ्याच सिस्टीम एका ठरलेल्या कडकपणावर जाऊन बसतात आणि माणूस शॉकअप फोडायला निघतो.

बदलायचं ठरलं तर

जोडीनेच बदला, पुढचे दोन किंवा मागचे दोन. एकच नवीन टाकला तर एक बाजू घट्ट आणि एक सैल अशी गाडी जोरात ब्रेक मारताना वाकडी वागते. किलोमीटर बघून आंधळेपणाने बदलायची गरज नाही, पण ऐंशी हजारच्या पुढे वरची सगळी तपासणी दर सर्व्हिसिंगला करावी असं मला वाटतं, आणि रस्ते खराब असतील किंवा गाडी सतत भरलेली असेल तर त्याच्या बरंच आधी.

मागचा सुटा शॉकअप घरी बदलता येतो, दोन बोल्ट असतात, एक्सलला खालून आधार देऊन काढायचा. स्ट्रटची गोष्ट वेगळी. त्याच्यावरची स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते, वरचा मधला नट स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर न लावता सोडला तर ती सुटून माणसाचा जीव घेऊ शकते. चांगला कॉम्प्रेसर आणि तो वापरायची सवय नसेल तर स्ट्रट अख्खा उतरवून पुढचं काम मेकॅनिककडे द्या, किंवा स्प्रिंगसकट तयार असेंब्ली मिळत असेल तर ती घ्या. बंप स्टॉप, धुळीचं कव्हर आणि माउंटिंग बेअरिंग त्याच वेळी नवीन टाका, कारण ते गेलं तर परत हेच सगळं उघडावं लागेल. चकाकणारा रॉड पक्कडने धरायचा नाही, एक ओरखडा पडला की नवीन सीलचं आयुष्य संपलं.

गॅस नसलेला साधा दोन नळ्यांचा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून पूर्ण ओढायचा, उलटा करून दाबायचा, असं चार पाच वेळा, म्हणजे आडवा पडून असताना तेलात शिरलेली हवा निघते. हे करताना जुनापण हातात घ्या आणि ओढून दाबून बघा, नव्याला पूर्ण लांबीभर सारखा अडथळा लागतो, जुन्यात दिशा बदलताना मध्येच पोकळ जागा लागते, ओढताना एकदम सैल सोडतो. गॅसवाला असेल तर रॉड आपोआप बाहेर यायला हवा.

रबर बुशचे बोल्ट चाकं जमिनीवर आल्यावर शेवटचे टाईट करा, लटकत्या अवस्थेत टाईट केले तर बुश कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. स्ट्रट काढला असेल तर अलाइनमेंट करायलाच लागते. पहिले काही दिवस गाडी कडक लागेल, ती कडक नाहीये, आधीची ढिली होती. चारपाचशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा पान्याने तपासा. टायरला आधीच चट्टे पडलेले असतील तर घूं घूं आवाज नवीन शॉकअपनंतरही येत राहील, त्यासाठी परत शॉकअप उघडायचे नाहीत, टायर मागेपुढे बदलून बघा किंवा फार झालं असेल तर टायरच बदला. जुने गॅसवाले शॉकअप भंगारात देताना ते आगीत टाकू नका, त्यांना वेल्डिंगची ज्योत लावू नका, आत अजून दाब असतो.